अकरावं नाव

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर शिरीष आळतेकर हॉलमधल्या दिवाणावर आडवा होतो तो झोपायला नव्हे, विचार करायला. निदान बायकोला, योगिनीला, तो तसंच सांगतो. पोटावर लॅपटॉप उघडा आहे. खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावलाय. त्याचा आवाज कधी जवळ येतो, कधी लांब जातो. डोळे मिटतात तेव्हाही शिरीषला वाटत राहतं की आपण जागेच आहोत आणि समोरच्या तक्त्यातल्या अकरा ओळी वाचतो आहोत.

त्या अकरा ओळी म्हणजे त्याच्या टीममधली अकरा माणसं. तक्त्यात मात्र नावं नाहीत. ही पद्धत शिरीषनंच पाडलीय. रिसोर्स एक, रिसोर्स दोन, पुढे कामाचा प्रकार, अनुभवाची वर्षं, आणि शेवटी महिन्यातले किती तास कामी लागले ते. सोमवारी सकाळी यातल्या दोन ओळी वरच्या साहेबांकडे पाठवायच्या आहेत. 'दोन रिसोर्स मोकळे करा' एवढाच निरोप आहे. मोकळी केलेली माणसं बेंचवर जातात, म्हणजे प्रोजेक्टशिवाय नुसती बसून राहतात, आणि तीन महिन्यांत कुणी त्यांना घेतलं नाही तर कंपनी त्यांचा राजीनामा मागते.

शिरीषनं चार आणि नऊ या ओळींना पिवळा रंग दिलाय. चार म्हणजे विश्वजित खरात, प्रोग्रॅमर. नऊ म्हणजे तस्लीम मुजावर, टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काय चुकलंय ते शोधणं हे तिचं काम. आकडे बघून रंग दिला, असं तो स्वतःला सांगतो, आणि ते खोटं नाही. दोघांचेही तास कमी भरतात. पण आकडे कमी असलेली आणखी दोघं-तिघं त्या तक्त्यात आहेत. त्यांच्यावरून त्याची बोटं पुढे सरकली आणि या दोघांवर थांबली, कारण ही दोघं उत्तराची सगळ्यांत जवळची होती.

उत्तरा पानवलकर फेब्रुवारीत गेली. ती आणि शिरीष एकाच दिवशी या कंपनीत लागले होते. पंधरा वर्षं दोघांच्या टीम एकाच मजल्यावर, मध्ये एक काचेची भिंत. शिरीषची कामं ठरल्या तारखेला व्हायची. वरचे लोक त्याचं नाव विश्वासानं घ्यायचे. उत्तराच्या तारखा हुकायच्या, पण तिची माणसं तिला सोडून जात नसत. काचेपलीकडे ती कुणाच्या तरी खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसलेली दिसायची, आणि ते माणूस हसत असायचं. शिरीषच्या भागात लोक मान खाली घालून काम करायचे. तेच बरं, असं तो म्हणायचा, आणि दिवसातून दहा वेळा काचेपलीकडे बघायचा.

ती गेल्यावर त्याची टीम दुसऱ्याकडे गेली आणि तिची टीम त्याच्याकडे आली. आठ महिन्यांत तिघांनी राजीनामा दिला. तिची दहा माणसं उरली, अकरावं त्यानं नवं घेतलं. जुनी माणसं त्याच्याशी नीट वागतात, 'शिरीष सर' म्हणतात, पण आपसात बोलताना 'उत्तराताई असत्या तर' एवढं त्याच्या कानावर आलं की तो तिथून उठून जातो. सगळ्यांत वाईट गोष्ट त्यानं कुणालाच सांगितलेली नाही. कँटीनमध्ये तिची शोकसभा झाली, तेव्हा तस्लीम बोलायला उभी राहिली आणि तिला बोलवेना. सगळे डोळे पुसत होते. शिरीष मागे फ्रीजजवळ उभा होता, आणि त्याच्या मनात आलं होतं की माझ्या वेळी कोण उभं राहील?

मिक्सर थांबत नाही. उलट त्याला ठेका येतो. खट-खटाक, खट-खटाक. शिरीषला हा ठेका ओळखीचा वाटतो, आणि मग सुताचा वास येतो.

तो इचलकरंजीत आहे. यंत्रमागांच्या शेडमध्ये, जिथे त्याचे वडील दिवाणजी होते आणि हजेरीचं पुस्तक सांभाळायचे. माग दोन्ही बाजूंना रांगेनं चालू आहेत, पण प्रत्येक मागावर एक कॉम्प्युटर ठेवलाय आणि पडद्यावर कापड विणलं जातंय. मागांवर पत्र्याचे नंबर आहेत. 'सहा नंबर आला नाही', वडिलांचा आवाज कुठूनतरी येतो, 'सहा नंबरला बदली बघा.' शिरीषला यात काही वावगं वाटत नाही. लहानपणी तो रोज हेच ऐकायचा. माणसांची नावं घरी, नंबर शेडमध्ये.

मधल्या वाटेनं उत्तरा येते. आजारपणाआधी होती तशीच आहे. केसांचा अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिल, हातात संत्रं. ती दोन मागांच्या मध्ये उभी राहून संत्रं सोलते. सालीचा वास सुताच्या वासात मिसळतो.

"इथे काय करतेस?" तो विचारतो. आवाजात नको तेवढी धार येते.

"बसायला जागा बघतेय," ती म्हणते. "तुझ्याकडे खुर्च्याच नाहीत."

खरंच नाहीत. सगळे उभे आहेत. तो माणसांचे चेहरे बघायला जातो, पण चेहरे सुताच्या धुरळ्यात आहेत. मागावरचे नंबर तेवढे स्वच्छ वाचता येतात.

ती पुढे चालते आणि तो तिच्या मागे. शेडच्या टोकाला दार आहे. ते ढकललं की तिसऱ्या मजल्यावरची चहाची खोली. चहाचं मशीन गुरगुरतंय, खिडकीबाहेर मात्र अजून शेडचे पत्रे दिसतात. उत्तरा टेबलावर बसते, पाय लोंबकळत सोडून. ती नेहमी अशीच बसायची, आणि तिची माणसं तिच्याभोवती उभी असायची. आता तो एकटाच उभा आहे. याचाही त्याला राग येतो.

तो सरळ विचारतो. तू त्यांना काय करायचीस? तुझी काय युक्ती होती? मी सगळ्यांना सारखं वागवतो, वेळेवर सोडतो, कुणाला रात्री फोन करत नाही. तरी ते तुझंच नाव घेतात.

ती संत्र्याची फोड पुढे करते. तो घेत नाही.

"मी गेले ना रे," ती म्हणते. "आता माझ्यावर कसला राग?"

"गेलीस म्हणूनच. असतीस तर एखाद्या दिवशी तुझीही चूक झाली असती."

ती हसते. चुका तर झाल्याच होत्या, असं सांगते. दोनदा तिनं दिलेली तारीख इतकी हुकली होती की क्लायंट सोडून चालला होता. दोन्ही वेळा शिरीषनं रविवारभर बसून नवं वेळापत्रक आखलं आणि तिचं काम निभावून नेलं. त्याला ते आठवतं. त्यातल्या एका रविवारी तिनं घरून डब्यात घावन आणले होते, तेही आठवतं.

"हे शोकसभेत कुणी बोललं नाही," तो म्हणतो.

"तूही नाही बोललास."

चहाचं मशीन गुरगुरायचं थांबतं.

मग ते जिन्यात आहेत. जिना ऑफिसचाच आहे, पण संपत नाही. तिसरा मजला येतो, पुन्हा तिसराच येतो. उत्तरा दोन पायऱ्या पुढे आहे, आणि आता ती विश्वजितबद्दल बोलते आहे. विश्वजितला काम दिलं की दोन दिवस तो काहीच करत नाही. खिडकीतून बघतो, कागदावर चौकोन काढतो, तीन-तीनदा चहा घेतो. तिसऱ्या दिवशी बसतो आणि एका बैठकीत लिहून टाकतो, आणि त्यानं लिहिलेलं पुन्हा उघडावं लागत नाही. शिरीषच्या नव्या पद्धतीत त्याला कामाचे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे तुकडे मिळतात. रोज संध्याकाळी किती झालं ते सांगावं लागतं. मग तो पहिल्याच तासात काहीतरी लिहितो, सांगायला हवं म्हणून, आणि ते चुकतं, आणि सगळा आठवडा ते निस्तरण्यात जातो. परवाच्या मीटिंगमध्ये तो आकडा सांगताना त्याची मान लाल झाली होती.

शिरीष ऐकतो आणि आतून जळतो. हे बाईला कसं कळतं? पंधरा वर्षं काचेपलीकडे बसून त्याला जे दिसलं नाही, ते हिला जिन्यात चालता चालता दिसतं.

आणि मुजावर, उत्तराचं बोलणं चालूच आहे. तस्लीम प्रोग्रॅम तपासते तो यादी बघून नव्हे. सांगलीच्या तिच्या अब्बांचं बोट थरथरतं. ती त्यांचं बोट होऊन बटण दाबते. थरथरत्या बोटानं बटण दोनदा दाबलं जातं. दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये एका पेशंटला दोन-दोन नंबर मिळत होते, तो घोटाळा पाच जणांच्या नजरेतून सुटला आणि तिला सापडला तो असा. आणि चार ते साडेचार ती जागेवर नसते, तक्त्यात तसा शेरा आहे, पण ती तेव्हा जिन्यातच असते, या इथे, याच पायरीवर, फोन कानाला लावून. अर्धांगवायूनंतर तिच्या आईला माणसं ओळखू येत नाहीत, फक्त तस्लीमचा आवाज ओळखू येतो. चार वाजता औषध द्यायचं असतं आणि ती आवाज ऐकल्याशिवाय तोंड उघडत नाही.

"पुरे," शिरीष म्हणतो. "तुला सगळं माहीत असतं. मला कळलं."

उत्तरा मागे वळते. तिच्या तोंडात संत्र्याची फोड आहे. ती सावकाश चावते, गिळते, आणि मगच बोलते.

"तस्लीमच्या आईला काय झालं?"

"अर्धांगवायू. आत्ता तूच म्हणालीस."

"कधी झाला?"

"जूनमध्ये."

"मी फेब्रुवारीत गेले, शिरीष. मला कुठून कळणार? मी जिन्याला लागल्यापासून संत्रं खातेय. तूच बोलतोयस."

तो थांबतो. त्याचा घसा बोलून बोलून कोरडा पडला आहे. जूनमधली एक दुपार त्याला दिसते. लिफ्ट बंद होती म्हणून तो जिन्यानं उतरत होता. खालच्या वळणावर तस्लीम बसली होती, भिंतीकडे तोंड करून, फोनमध्ये हळू आवाजात म्हणत होती, अम्मी, मैं हूँ, मुँह खोल. तिच्या आईच्या अर्धांगवायूचं रजेच्या अर्जात वाचलेलं असूनही तो तिला ओलांडून पुढे गेला होता. जागेवर येऊन त्यानं तो शेरा लिहिला होता. विश्वजितची लाल मान परवा त्यानंच पाहिली होती, दुसऱ्या कुणी नव्हे. थरथरत्या बोटाची गोष्ट तस्लीमनं त्याच्याच समोर सांगितली होती, आणि त्यानं म्हटलं होतं, ठीक आहे, ते यादीत टाका.

त्याला हे सगळं माहीत होतं. माहीत असून त्याचं काही करायचं असतं, हे त्यानं स्वतःला कळू दिलं नव्हतं. हा शोध त्याला मुळीच आवडत नाही. तिच्यापाशी काहीतरी उपजत होतं आणि आपल्यापाशी ते नाही, हा समज किती सोयीचा होता. त्या समजावर मनसोक्त हेवा करता येत होता.

जिन्याची पुढची पायरी उतरल्यावर फरशी गुळगुळीत लागते. हॉस्पिटलचा बोळ आहे. बाकावर उत्तरा बसली आहे, आता अंगावर हॉस्पिटलचा निळा झगा आहे, केस विरळ आहेत, पण हातात संत्रं तेच. बोळ रिकामा आहे. त्या दिवशी तो असा रिकामा नव्हता.

"मी आलो होतो," शिरीष म्हणतो. "जानेवारीत."

"कधी? मला नाही आठवत."

"खोलीपर्यंत नाही आलो. इथे या वळणावर उभा राहिलो. तुझी सगळी टीम बाकांवर बसली होती. कुणी डबा आणला होता, कुणी झोपलं होतं. मला वाटलं, मी कशाला? खाली गेलो आणि गाडी काढली."

ती सालीचे तुकडे मांडीवर एका ओळीत ठेवते.

"यायला हवं होतंस," ती म्हणते. "मी तुझी वाट बघत होते. त्या पोरांना काय सांगणार होते मी? मला भीती वाटतेय, हे तुला सांगता आलं असतं."

त्याला बाकावर तिच्या शेजारी बसायचं आहे, पण तो उभाच राहतो. ती डोक्यातली पेन्सिल काढते, अंबाडा सुटतो, पण खांद्यावर केस पडत नाहीत. पेन्सिल ती त्याच्या हातात देते.

"लिही," ती म्हणते.

"काय?"

"मघाशी बोलत होतास ते. जाग आली की विसरशील. तू तसाच आहेस."

कागद नाही. तो भिंतीवर लिहायला लागतो. आधी विश्वजितचं नाव, त्याच्यापुढे दोन दिवस. मग तस्लीमचं नाव, पुढे चार वाजता. नावामागून नाव येत जातं, आणि प्रत्येक नावापुढे काहीतरी येतं, त्याचं त्यालाच नवल वाटतं. एकाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून मीटिंगमध्ये तो कोपरा धरतो. एकीला शिकवायला आवडतं, आणि तिला कुणी शिकवायला सांगत नाही. एकाचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून क्लायंटच्या फोनवर तो गप्प असतो, आणि फोन ठेवल्यावर सगळ्यांत मुद्द्याचं तोच बोलतो. आठ, नऊ, दहा. अकरावं नाव तो लिहितो, प्रणोती वाळके, आणि पेन्सिल थांबते.

पुढे काहीच येत नाही. दोन महिन्यांपूर्वी आलेली मुलगी. खिडकीजवळ बसते की दाराजवळ, हेही त्याला सांगता येत नाही.

"हिचं काय?" तो विचारतो. "तू सांग."

"मी हिला बघितलंसुद्धा नाही," उत्तरा म्हणते. तिचा आवाज आता बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून येतो. "हिला तूच घेतलंस."

तो मागे वळतो तेव्हा बाक रिकामा आहे.

"अरे, हे काय केलंस?"

हा आवाज योगिनीचा आहे. ती दिवाणापाशी चहाचा कप घेऊन उभी आहे आणि त्याच्याकडे नव्हे, त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघते आहे. उन्हं कलली आहेत. मिक्सर केव्हाच बंद झालाय. शिरीषच्या उजव्या हातात मुलीची चित्रकलेची पेन्सिल आहे. ती दिवाणाच्या फटीतून हाताला लागली असणार. तर्जनीला शिसं लागलंय आणि मनगट दुखतंय.

तो उठून बसतो. योगिनी विचारते, झोपेत लिहिलंस की काय? तो म्हणतो, तसंच दिसतंय. गेल्याच दिवाळीत रंग दिलाय, ती म्हणते, आणि ओलं फडकं आणायला आत जाते.

तो आधी लॅपटॉप पुढ्यात घेतो. चार आणि नऊवरचा पिवळा रंग काढून टाकतो. मग वरच्या साहेबांना चार ओळींची मेल लिहितो, की दोन नावं पाठवत नाही, माझ्या हिशेबात चूक आहे, सोमवारी भेटून सांगतो. साहेब चिडणार, हे त्याला ठाऊक आहे. कदाचित ते स्वतःच दोन ओळी निवडतील. तसं झालं तर मी त्या दोन ओळींची नावं तोंडानं सांगेन, प्रत्येकाबद्दल सांगेन, मग निवडा म्हणेन. एवढंच त्याला सुचतं. मेल जाते.

मग तो भिंतीकडे वळतो. दिवाणावर कुशीवर झोपलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, तिरक्या, एकमेकींत घुसलेल्या अकरा ओळी. काही अक्षरं एकावर एक पडली आहेत. तो जवळ जाऊन बघतो, मग आणखी जवळ. उत्तराचं अक्षर त्याला पक्कं माहीत आहे, गोल, ठसठशीत, मात्रा जरा लांबच्या. पंधरा वर्षं तिनं चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या त्यानं काचेतून वाचल्या आहेत. एखादी तरी गोल वेलांटी, एखादी तरी लांब मात्रा तो शोधतो. सापडली असती तर बरं वाटलं असतं, आणि तो जुना हेवाही जागा झाला असता.

एकही नाही. शेवटच्या 'वाळके'पर्यंत सगळं अक्षर त्याचंच आहे. त्या नावापुढे भिंत कोरी आहे.

योगिनी फडकं घेऊन येते. तो तिच्या हातातून ते घेतो आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवतो. सोमवारपर्यंत राहू दे, म्हणतो.